घरातली न वाचलेली पुस्तकं: ठेवायची की रद्दीत द्यायची?

एक प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आजी-आजोबांची ख्रिस्ती पुस्तकं खोक्यांत पडून आहेत, घरात कुणी वाचत नाही, घर शिफ्ट करताना रद्दीत दिली तर चालतील का?

माझं उत्तर आहे, नको. का ते पंडिता रमाबाईंच्या गोष्टीवरून सांगतो.

1878 साली रमाबाई कलकत्त्याला आल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. संस्कृतवर एवढी पकड की तिथल्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला. तिथेच काही ख्रिस्ती लोकांनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिलं. त्यांनी वाचून पाहिलं, पण काही केल्या कळेना. भाषा संस्कृतच, पण त्यांच्या ओळखीच्या ग्रंथांसारखी नाही. हे वाचणं म्हणजे वेळ फुकट घालवणं असं त्यांना वाटलं. हे माझं म्हणणं नाही हां, त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. आणि पुढे हेही लिहिलंय की ते पुस्तक त्यांनी कधीच स्वतःपासून दूर केलं नाही. वाचलं नाही, पण टाकलंही नाही.

लग्नानंतर त्या आसामात, सिलचरला राहत होत्या. तिथे घरातल्या पुस्तकांत एक छोटी पुस्तिका हाती लागली. बंगालीतलं लूककृत शुभवर्तमान. ती तिथे कशी आली हे त्यांनाही माहीत नव्हतं! सहज उचलली आणि मन लावून वाचू लागल्या. जाडजूड संस्कृत ग्रंथाने जे केलं नाही, ते या पातळ पुस्तिकेने सुरू केलं.

सुरू केलं म्हणतोय, कारण पुस्तिका वाचली आणि लगेच सगळं बदललं असं झालं नाही. तिथले एक बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन समजावून सांगायचे. नवऱ्याला मात्र त्यांनी बाप्तिस्मा घ्यावा हे पसंत नव्हतं. 1882 मध्ये ते वारले. 1883 मध्ये इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आणि पुढे याच बाईंनी केडगावला बसून अख्खं बायबल हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं.

म्हणजे नुसतं पुस्तक कपाटात असून भागत नाही. उघडणारा लागतो आणि शंका विचारायला माणूसही लागतो. पण पुस्तकच नसेल तर उघडणार काय?

आता तुम्ही म्हणाल, सगळं फोनवर मिळतं की. मिळतं, मान्य. मी सॉफ्टवेअरवालाच आहे. पण सर्चला आधी शब्द टाकावा लागतो. रमाबाई काही शोधत नव्हत्या, त्यांना ते सापडलं. माझ्या फोनमध्ये भरपूर पीडीएफ आहेत, पण फोन माझ्या बोटाशिवाय उघडत नाही. लाइट गेलेल्या दुपारी कंटाळलेल्या धाकट्या भावंडाच्या हाती त्या कशा लागणार? टीव्हीशेजारी पडलेलं पुस्तक लागू शकतं.

म्हणून खोकं आधी उघडा. त्यात रमाबाईंचं भाषांतर, ना. वा. टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन', 'ज्ञानोदय'चे जुने अंक असू शकतात. 'ज्ञानोदय' 1842 पासूनचा, त्यामुळे जुना अंक मिळाला तर जपाच. चार-पाच पातळ, सोपी पुस्तकं हॉलमध्ये हाताशी ठेवा. जाड ग्रंथ दर्शनी ठेवून पाहुण्यांवर छाप पडते, बाकी काही होत नाही. वाळवी लागलेली वेगळी काढा. उरलेल्यांसाठी मंडळीच्या लायब्ररीत किंवा एखाद्या सेमिनरीत विचारा.

आणि हो, कुणाला देण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पानं चाळा. लोक त्यात पत्रं, फोटो, बाप्तिस्म्याचे दाखले ठेवतात आणि विसरतात. काही सापडलं तर मला फोटो पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात.