तारेचा कायदा बदलला. गावाला कोणी विचारले?

(हळर्ण, तालुका पेडणे येथे ग्रामस्थांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हळर्णच्या किल्ल्यापाशी उभे राहून तारेच्या आणि टेलिफोनच्या कायद्याविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. कायदेकानूंची चर्चा दिल्लीत व्हावी, फार तर पणजीत व्हावी. शापोरा नदीकाठच्या या गावाचा तिच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर या गावाच्या नावातच आहे. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने घेतला आणि पुढे लिस्बनच्या राजाने त्याला 'आलोर्नाचा मार्किश' हा किताब बहाल केला. हळर्णचे नाव 'आलोर्ना' होऊन परक्या दरबारात मिरवले. हळर्णच्या माणसाला मात्र कोणी काही विचारले नाही. भूमी आपली, नाव आपले आणि निर्णय दुसऱ्याचा, हा अनुभव या मातीला नवा नाही. म्हणूनच आपले स्वतःचे सरकार जेव्हा 'जनतेच्या सूचना मागवीत आहोत' असे म्हणते, तेव्हा ते शब्द आम्ही इतरांपेक्षा अधिक गंभीरपणे घेतो.

१८८५ चा वारसा

आपल्या खिशातल्या मोबाइलचा कारभार अगदी अलीकडेपर्यंत ज्या कायद्याने चालत होता, तो १८८५ सालचा भारतीय तार कायदा होय. मुंबईत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, ते हेच साल. तारेच्या बळावर हुकमत कशी राखता येते, हे १८५७ मध्ये इंग्रज शिकले होते, आणि तो धडा या कायद्याच्या कलमाकलमांत उतरला होता. तार उभारण्याचा व चालविण्याचा अधिकार एकट्या सरकारचा, हे चौथे कलम. आणीबाणीच्या प्रसंगी कोणाचाही निरोप अडवावा वा वाचावा, हे पाचवे. कोणाच्याही जमिनीत खांब रोवावा आणि नुकसानभरपाई द्यावी, हे दहावे. पुढे १९३३ साली बिनतारी संदेशांचा वेगळा कायदा त्याच्या जोडीला आला. गोवा मुक्त झाल्यावर हा तारेचा कायदा आपल्यालाही लागू झाला. १४ जुलै २०१३ या दिवशी देशातील शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. तार गेली, पण तारेचा कायदा त्यानंतरही दहा वर्षे जिवंत राहिला!

तेव्हा हा कायदा बदलणे अवश्य होते, याविषयी आमचे सरकारशी दुमत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. तो कसा बदलला, आणि बदलताना कोणाला विचारले?

केंद्राच्या दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये नव्या कायद्याच्या गरजेविषयी एक टिपण काढले आणि २१ सप्टेंबर २०२२ रोजी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला. सूचनांची मुदत पुढे वाढविण्यातही आली. इथवर ठीक झाले. पण त्यानंतर एक वर्षाहून अधिक काळ लोटला आणि १८ डिसेंबर २०२३ रोजी विधेयक लोकसभेत मांडले गेले. २० तारखेला लोकसभेने आणि २१ तारखेला राज्यसभेने ते संमत केले. २४ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. शंभराहून अधिक विरोधी सदस्य त्या वेळी निलंबित होते. एकशे अडतीस वर्षांचा कायदा बदलण्यास संसदेला चार दिवस पुरले. हा वेग कौतुकाचा की काळजीचा, हे आपणच ठरवावे.

लहरींचे मोल

संदेशवहनावर कोणाची सत्ता असावी, हा प्रश्न गोमंतकाला कोणी शिकवावा लागत नाही. पोर्तुगीज अमलात छापील शब्द आधी सेन्सॉरला दाखवावा लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून तोंड उघडले, ते बोलण्याच्या हक्कासाठी. आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी प्रथम आंबोलीच्या रानातून व नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीचा आवाज रेडिओवरून घुमविला. कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून तो आवाज सहा वर्षे सीमा ओलांडून येत राहिला. पणजीच्या सत्तेला त्या लहरींवर पहारा बसविता आला नाही. सीमेवरच्या एका रानातले यंत्र साम्राज्याला जड जाऊ शकते, हे ज्यांनी पाहिले, त्यांच्या वारसांनी दूरसंचाराचा कायदा वकिलांवर सोडून देऊन कसे चालेल?

घरच्या तीन गोष्टी

कोणी म्हणतील, कायदा तांत्रिक आहे. शेतकऱ्याने, काजू-बागाईतदाराने, दुकानदाराने त्यावर मत काय द्यावे? आम्ही तीन गोष्टी सांगतो. त्या तांत्रिक आहेत काय, ते पाहा.

पहिली गोष्ट जमिनीची. खाजगी जागेत मनोरा उभारायचा किंवा तार टाकायची, तर कंपनीने जागेच्या मालकाशी करार करावा, असे नवा कायदा म्हणतो. परंतु मालकाने नकार दिला आणि लोकहितासाठी ते आवश्यक आहे असे केंद्र सरकारला वाटले, तर भरपाई देऊन तो हक्क मिळविण्याची वाट कलम १२ ने मोकळी ठेवली आहे. तंटा झाला तर तो जिल्हाधिकाऱ्यापुढे. शिवाय मालमत्तेवर उभारलेले दूरसंचाराचे जाळे त्या मालमत्तेचा भाग समजले जाणार नाही, तिच्यावरील पट्टी-कराच्या हिशेबातही धरले जाणार नाही, असे कलम १४ सांगते. ज्या पंचायती घरपट्टीवर दिवाबत्ती चालवितात, त्यांना हे मसुद्याच्या वेळीच कोणी समजावून सांगायला नको होते काय? आणि दुसरी बाजूही आम्ही लपवीत नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा सांगे-सत्तरीकडची मुले धड्यांसाठी डोंगरमाथा गाठून 'रेंज' शोधीत होती. मनोरा नको म्हणणारा गाव आणि मनोरा हवा म्हणणारा गाव, दोन्ही गोव्यातच आहेत. म्हणून तर गावाला विचारणे अधिक अगत्याचे!

दुसरी गोष्ट सेवा बंद करण्याची. दंगा होईल, परीक्षेत नक्कल होईल, अशा कारणांनी या देशात अनेक ठिकाणी इंटरनेट बंद पाडले गेले आहे. आज बाजारातला भाजीवाला मोबाइलवरून पैसे घेतो. इंटरनेट बंद म्हणजे त्याचा गल्ला बंद. असा हुकूम प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, हे १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ते पत्रकार अनुराधा भसीन यांनी न्यायालयाचे दार ठोठावले म्हणून. आता नोव्हेंबर २०२४ च्या नियमांत तो हुकूम कारणांसह प्रसिद्ध करावा आणि त्याची मुदत पंधरा दिवसांपलीकडे नसावी, असे आहे. हा अधिकार कोणी दयेने दिलेला नाही. एका नागरिकाने तो मागून घेतला.

तिसरी गोष्ट आपल्या बोलण्याची. आपले संभाषण ऐकण्याचा हुकूम गृहसचिव देणार आणि तो योग्य होता की नाही हे तपासणार तीही सचिवांचीच समिती. न्यायाधीश कोठेच नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती म्हणून जी व्यवस्था घालून दिली, तीच डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही मुख्यत्वे कायम आहे. साहेब बदलला, कुलूप बदलले. किल्ली मात्र त्याच खिशात राहिली, असे म्हणणे प्राप्त आहे.

विचारल्याने काय होते?

'आमचे कोण ऐकतो?' हा आपला नेहमीचा उसासा. तो सर्वस्वी खरा नाही. २०१५ साली इंटरनेटवर काही ठिकाणे फुकट आणि काही महाग करण्याचा घाट घातला गेला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे संगणकावरून गेली. आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने असा भेदभाव करणारे दर बंद केले. २०२२ च्या मसुद्यातही इंटरनेटवरून चालणाऱ्या संदेशसेवांचा स्पष्ट उल्लेख होता आणि नियामकाचे काही अधिकार कमी होणार होते. टीका झाली; संमत झालेल्या कायद्यात तो उल्लेख राहिला नाही आणि ते अधिकारही शाबूत राहिले. ज्यांनी लिहिले, त्यांचे काही अंशी ऐकले गेले. पण लिहिले कोणी? ज्यांना इंग्रजी येते, त्यांनी!

खरा प्रश्न भाषेचा

येथेच आपल्या गाऱ्हाण्याचे मूळ आहे. कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि त्याचा अर्थ सोप्या भाषेत सांगावा, असे धोरण केंद्रानेच २०१४ साली ठरविले. सोपी भाषा म्हणजे कोणाची भाषा? पेडण्याच्या बाजारात जी कळते ती, की दिल्लीच्या कचेरीत जी कळते ती? हा मसुदा मराठीत किंवा कोंकणीत आमच्यापर्यंत आला नाही. वास्तविक दोन्ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळाले. पर्यावरणविषयक एका मसुद्याचे भाषांतर आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत करावे, असा हुकूम दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला होता. केंद्राने त्याला विरोध केला, हे खरे. पण मागणी न्याय्य आहे, हे त्यावरून दिसून आले. जो कायदा झाडांविषयी बोलतो, तो लोकांच्या भाषेत यावा. मग जो कायदा बोलण्याविषयीच आहे, तो का येऊ नये?

सीमाभागातल्या वाचकांना हे दुखणे सांगणे नलगे. दूरसंचाराची सर्कले राज्यांच्या सीमा धरून आखली गेली. पेडणे आणि सावंतवाडी एका सर्कलमध्ये, बेळगाव-कारवार दुसऱ्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत पलीकडच्या मनोऱ्याने फोन पकडला, की घरी बसल्या जागी परमुलखाचा आकार भरावा लागे. त्या रेषा ओढतानाही सीमेवरच्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

आता काय करावे?

कायदा झाला, तरी काम संपलेले नाही. त्याची खरी ताकद नियमांत आहे, आणि नियमांचे मसुदे कायद्यानंतरही निघत आले आहेत. त्यांवर हरकती घेण्यासाठी बहुधा तीस दिवस मिळतात. आमची मागणी तीन कलमी आहे. प्रत्येक मसुदा मराठीत व कोंकणीत यावा. तो पंचायतीत लावून ग्रामसभेत वाचला जावा. आणि नियामक प्राधिकरण जशी आलेली मते जाहीर करते, तशी दूरसंचार विभागानेही करावीत.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसू नका. गावातल्या शिकल्यासवरल्या मुलांनी मसुदा वाचावा, वाचनालयात चार माणसांना समजावून सांगावा. नियमाचा क्रमांक, आपले म्हणणे, त्याचे कारण आणि आपले नाव-गाव, एवढे एका कागदावर पुरे. तो नवी दिल्लीच्या संचार भवनाकडे पाठवा. आणि मराठीतच पाठवा. गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिला आहे. भाषांतराचे ओझे आजवर आपण वाहिले. थोडे दिल्लीलाही वाहू द्या.

या गावाचे नाव एकदा त्याला न विचारता दूरच्या दरबारी गेले होते. आता ते एका अर्जाच्या खाली, हळर्णकराच्या स्वतःच्या सहीने जावे, एवढीच आमची विनंती आहे.