आपल्या कुलपाची परीक्षा
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



आज परतफेडीचं काही विचारत नाही, घाबरू नका. बँका स्वतःच माणसं लावून स्वतःवर हल्ला करून घेतात, हे ठाऊक आहे का? लेखी परवानगी देतात आणि म्हणतात, चोर शिरेल तसं शिरून दाखवा. याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. 2016 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सायबर सुरक्षेचे नियम दिले, त्यात या चाचण्याही आहेत. गरज का, ते पुण्यात दिसलं. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी रुपये गेले. तिथे बँकेच्या यंत्रणेतच घुसखोरी झाली, खातेदारांचा दोष नव्हता.

ही परीक्षा घेणारे पासवर्डही तपासतात. एका खात्यावर सारखे चुकीचे पासवर्ड टाकले की खातं बंद पडतं. म्हणून ते एकच सोपा पासवर्ड शेकडो खात्यांवर एकेकदा लावून बघतात. कुणाचं तरी उघडतंच. चोरही हेच करतो, फक्त परवानगी नसते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोरं गंमत म्हणतात, कायदा म्हणत नाही.

आता आपलं बघू. चार आकडी पिनचे दहा हजार प्रकार होतात. पण पिन म्हणून जन्माचं साल ठेवलं, तर 1960 ते 2005 धरून फक्त 46 उरतात. आणि तेवढेही लागत नाहीत! गटाच्या फाइलमध्ये आपल्या सगळ्यांच्या आधारची झेरॉक्स आहे, त्यावर जन्मतारीख छापलेली आहे. कार्ड हातात पडलं की पहिल्याच फेरीत पैसे बाहेर.

दिवाळीनंतर आपल्याकडची माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. कार्ड एकाकडे, मोबाइल दुसऱ्याकडे, पिन पाकिटातल्या चिठ्ठीवर. वर्षाची मजुरी त्यातच असते.

तर परीक्षा आत्ताच घेऊ. हात वर करू नका, मनातच उत्तर द्या. पिन 1234 आहे? जन्मसाल आहे? मोबाइल नंबरचे शेवटचे आकडे आहेत? कार्डाचा आणि मोबाइलचा पिन एकच आहे? एकालाही ‘हो’ आलं तर या आठवड्यात बदला. कार्डाचा एटीएमवर बदलतो, मोबाइलचा त्याच ॲपमध्ये.

काही मावश्या म्हणतात, मला वाचता येत नाही, पोरगीच दाबते. मला हे पटत नाही. नोट ओळखता, एसटीचा नंबर ओळखता, मग चार आकडे तुम्हीच दाबा. पोरीला बाकीचं करू द्या. आणि नवा पिन बँक सखीला, सचिवाला, मलाही सांगू नका. मी मागितला तर मलाच हाकला.

पैसे गेलेच तर बैठकीची वाट बघायची नाही. लगेच 1930 ला फोन करायचा, मग बँकेत जायचं. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.