शिळा पाव आणि सकाळची न्याहारी

गोव्याच्या गावागावांतून आजही सकाळी एकदा आणि तिसरा प्रहर टळल्यावर एकदा, असा दोन वेळा पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकू येतो. सायकलच्या मागे बांबूची मोठी टोपली, तीवर पावसापाण्याचे मेणकापड, आणि आत भट्टीची ऊब अजून अंगात असलेले पाव, कडक पाठीचे उंडे, कोंड्याची पोई, बांगडीसारखी गोल कांकणे. घरातले कोणी पोर पिशवी घेऊन फाटकाशी धावते. खाणारी माणसे पाच असली, तरी हात जरा सैल सोडूनच पाव घेतले जातात. न जाणो, रात्री कोणी पाहुणा यायचा! पाहुणा बहुधा येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीच्या तळाशी चार पाव सापडतात, दगडासारखे घट्ट झालेले.

या चार पावांचे काय करावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान खरा. पण तो रोज सकाळी उभा राहणारा आहे, आणि तो कसा सुटतो त्यावरून घराची रीत ओळखता येते. सामान्यतः शिळ्या पावाला तीन वाटा फुटतात. एक केराच्या डब्याकडे जाते, दुसरी गोठ्याकडे, आणि तिसरी कामाला येणाऱ्या बाईच्या हाती कागदात बांधून दिली जाते. या तिसऱ्या वाटेला घरात ‘दान’ असे नाव असते. जो पदार्थ आपल्या मुलाच्या ताटात वाढायला मन धजत नाही, तो दुसऱ्याच्या मुलासाठी बांधून देण्यात दानत ती कसली? पाव चांगला असेल तर तो प्रथम आपल्याच ताटात यावा. आणि त्याचा केलेला पदार्थ रुचकर झाला, तर त्यातला वाटा त्या बाईलाही गरमागरम बशीतून द्यावा. गोठ्याच्या वाटेबद्दलही सांगावयास हवे, की ढीगभर पाव गुरांच्या पोटाला सोसत नाही. एकदम पुष्कळ पिष्ट पदार्थ पोटात गेल्याने जनावर आजारी पडते.

परंतु शिळा पाव ताटात आणावयाचा, तर तो शिळा होतो म्हणजे काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. बहुतेकांची समजूत अशी, की पाव वाळतो म्हणून कडक होतो. ती अर्धीच खरी आहे. १८५२ साली बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पावातील ओलावा जवळजवळ जराही कमी झाला नाही, तरीसुद्धा पाव शिळा होतो. आणि तोच पाव पुन्हा नीट तापवला, की त्याचा मऊपणा परत येतो. पुढे या कोड्याची उकल झाली. भट्टीत पिठातील पिष्टकण पाणी पिऊन फुगतात व सैल होतात. पाव निवू लागला, की ते पिष्ट हळूहळू पुन्हा घट्ट रचनेत बसू लागते, आणि म्हणून पाव ताठर होतो. साठ अंशांच्या वर उष्णता मिळाली, की ती घडी बऱ्याच प्रमाणात मोडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कात्झ या डच शास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट उजेडात आणली. थंडी जितकी अधिक, तितका पाव लवकर शिळा होतो, आणि पाणी गोठण्याच्या जराशा वरच्या तापमानाला तर सर्वांत लवकर. याचा अर्थ स्वच्छ आहे. ताजा राहावा म्हणून जो पाव शीतकपाटात ठेवला जातो, तो तेथेच अधिक वेगाने शिळा होतो. ठेवायचाच असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. तेथे पूर्ण गोठल्यावर ही क्रिया थांबल्यासारखी होते. एरवी एका रात्रीपुरता सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेला बरा.

गोव्याचा पाव दुसऱ्याच सकाळी कडक होतो, याचे कारणही येथेच सापडते. त्यात पीठ, पाणी, मीठ, थोडी साखर आणि खमीर यांपलीकडे फारसे काही नसते. पूर्वी हे खमीर माडाच्या सुरेचे असे. आता बहुतेक भट्ट्यांतून बाजारी यीस्ट वापरले जाते. तुपालोण्याचा अंश नसलेला पाव लवकर ताठरतो. उलट, कारखान्यातून कापून, कागदात बांधून येणाऱ्या पावात स्निग्धांश व मऊपणा टिकवणारी द्रव्ये घातलेली असतात. तो चार-चार दिवस दाबला तरी उशीसारखा दबतो. आणि मग एके दिवशी त्याच्या कडेला हिरवा ठिपका दिसतो. कडक होणारा पाव निदान आपले वय लपवीत नाही.

या हिरव्या ठिपक्यापाशी मात्र काटकसर थांबली पाहिजे. शिळा पाव निराळा आणि बिघडलेला पाव निराळा. बुरशी दिसली, तेवढा तुकडा कापून टाकून उरलेला खाण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. ती धोक्याची आहे. पाव सच्छिद्र असतो, आणि बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून पुष्कळ आतवर गेलेले असतात. असा पाव माणसालाही नको आणि गाईलाही नको. आषाढ-श्रावणात कोकणपट्टीच्या दमट हवेत दुसरा एक बिघाड होतो. पाव फोडला असता आतला गर चिकट लागतो, ओढला तर तार निघते, आणि पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. काही जंतूंची बीजे भट्टीच्या आचेतूनही जिवंत राहतात, कारण पावाचा गाभा शंभर अंशांपलीकडे तापत नाही. उष्ण व दमट हवेत तीच बीजे पुढे वाढतात. हा पावही टाकूनच द्यावा. वास घेऊन पाहणे, फोडून पाहणे आणि उजेडात धरून पाहणे, या तीन परीक्षांना अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू. महाराष्ट्रात काय, किंवा इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत काय, रात्रीच्या पोळ्या उरल्या तर सकाळी फोडणीची पोळी होते, आणि ती मुलांना ताज्या पोळीपेक्षा अधिक आवडते. पावालाही तोच न्याय लावावा. फोडणीच्या पावासाठी कालचे सहा लहान पाव घ्यावेत आणि हाताने बोराएवढे तुकडे करावेत. सुरीने कापले तरी चालतात; पण हाताने तोडलेल्या तुकड्यांच्या खडबडीत कडांना फोडणी अधिक चांगली धरते. अर्धी वाटी पातळ ताकात मीठ व चिमूट हळद मिसळून ते तुकड्यांवर शिंपडावे, हलक्या हाताने वर-खाली करावे, आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. येथेच पुष्कळांची चूक होते. पाव कडक आहे म्हणून तो सरळ पाण्यात बुडवून पिळून घेतात, आणि मग कढईत त्याचा लगदा होतो. ताजा पाव तर नुसत्या शिंपडण्यानेही चिकट होतो; शिळा पाव मात्र ताक पिऊनही आपला आकार सोडीत नाही. म्हणजे या पदार्थाला शिळा पाव चालतो असे नव्हे, तर शिळाच पाव लागतो.

दहा मिनिटे होईपर्यंत लोखंडी कढईत तीन मोठे चमचे तेल तापवावे. मोहरी तडतडली, की जिरे, हिंग, मूठभर शेंगदाणे, तीन हिरव्या मिरच्या आणि आठ-दहा कढीलिंबाची पाने घालावीत. दोन कांदे बारीक चिरून गुलाबी होईतो परतावेत. मग पाव घालून, एकदाच हलवून, मंद आचेवर दोन-तीन मिनिटे झाकण ठेवावे. ही वाफ महत्त्वाची. पिष्टाची ती आवळलेली घडी येथे मोडते आणि तुकडे आतून मऊ होतात. त्यानंतर झाकण काढून आच थोडी वाढवावी व खालची बाजू खरपूस होऊ द्यावी. शेवटी किंचित साखर, अर्ध्या लिंबाचा रस, कोथिंबीर, आणि गोव्यात असाल तर मूठभर ओले खोबरे. पोईचा केला तर कोंड्यामुळे चव अधिक खमंग येते. मात्र ताक थोडे जास्त लागते.

गोव्याला पाव ज्यांनी दिला, त्या पोर्तुगीजांच्या घरीही हा प्रश्न जुनाच आहे. ‘पाव’ हा शब्दच मुळी त्यांचा. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेंतेजू प्रांतात गरिबांनी शिळ्या पावाची ‘आसोर्दा’ करण्याची रीत घातली. लसूण, मीठ आणि कोथिंबीर एकत्र कुटावयाची, त्यावर ऑलिव्हचे तेल आणि उकळते पाणी घालावयाचे, त्यात कडक पावाचे तुकडे टाकावयाचे आणि वर एक उकडलेले अंडे. एवढ्यावर तेथील शेतमजुरांनी पिढ्या काढल्या. कोथिंबीर-लसणाची ही जोडी आपल्या जिभेला परकी वाटण्याचे कारण नाही.

त्यांचा गोड प्रकार अधिक प्रसिद्ध आहे. पोर्तुगालमध्ये नाताळला ‘रबानादा’ करतात. त्यालाच सोनेरी कापे अशा अर्थाचेही एक नाव आहे. फ्रेंच लोक या जातीच्या पदार्थाला ‘हरवलेला पाव’ म्हणतात, आणि जर्मन लोक ‘गरीब सरदार’. कल्पना याहूनही जुनी आहे. आपिसियस या नावावर चालत आलेल्या प्राचीन रोमन पाकग्रंथात पांढरा पाव दुधात भिजवून, तेलात तळून, वर मध ओतण्याची कृती दिलेली आहे. शुभवर्तमानात पाच हजारांच्या भोजनानंतर जवाच्या भाकरींच्या उरल्यासुरल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्याची हकीकत आहे. ते तुकडे गोळा करण्याची आज्ञा तेथे स्पष्ट आहे. पुढे त्यांचे काय केले, ते मात्र सांगितलेले नाही. एखाद्या गृहिणीने ती हकीकत लिहिली असती, तर तेवढा तपशील सुटला नसता!

रबानादासाठी पावाला पाव लिटर दूध, असा हिशेब लक्षात ठेवण्यास सोपा आहे. दुधात तीन चमचे साखर, दालचिनीचा तुकडा आणि लिंबाच्या सालीची एक चकती घालून एक उकळी आणावी व कोमट होऊ द्यावे. चार शिळ्या पावांची बोटभर जाडीची कापे करावीत. दोन अंडी निराळी फेटून ठेवावीत. काप आधी दुधात, मग अंड्यात बुडवून तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी सोनेरी भाजावा आणि दालचिनीची पूड मिसळलेल्या साखरेत घोळवावा. दूध व अंडे एकत्र करूनही चालते. पण निराळे ठेवल्यास बाहेर अंड्याचे पातळ कवच धरते आणि आत दुधाचा ओलावा राहतो. तेल कमी हवे म्हणून आच मोठी करू नये. बाहेर करपते आणि आत कच्चे अंडे राहते.

अंडे न खाणाऱ्या घरांनी हैदराबादकडे पाहावे. तेथील ‘डबल का मीठा’ पावाचाच असतो. ‘डबल’ म्हणजे डबलरोटी. पावाची कापे तुपात तळून, वेलदोडा-केशराच्या पाकात मुरवून, वर आटवलेले दूध घालतात. हा खरा मेजवानीचा पदार्थ, रोजच्या न्याहारीचा नव्हे. परंतु त्याची साधी आवृत्ती सकाळी सहज होते. कापे तुपाच्या हातावर तव्यावर भाजावीत आणि वेलदोडा घातलेले गरम गोड दूध त्यांवर चमच्याने सोडावे, इतकेच. आजारातून उठलेल्या माणसाला आणि दात पडलेल्या आजोबांना हे फार मानवते.

याखेरीज काहीच करावयास वेळ नसेल, तर पावाच्या पाठीवर ओल्या हाताने पाणी फिरवून तो तापलेल्या तव्यावर झाकण ठेवून तीन-चार मिनिटे ठेवावा. आणि अगदीच खडखडीत झालेले तुकडे उन्हात वाळवून, कुटून, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. कटलेटांना किंवा तळायच्या मासळीला लावण्यास तो चुरा दुकानच्या चुऱ्यापेक्षा चांगला. पावसाळ्यात मात्र ऊन मिळेल या आशेवर तुकडे ठेवून देऊ नयेत. त्याच दिवशी मंद तव्यावर कोरडे करून घ्यावेत.

एक सूचना राहिली. उष्णतेने परत आणलेला हा मऊपणा फार वेळ टिकत नाही. पाव निवला, की तो पहिल्यापेक्षाही लवकर ताठरतो. म्हणून ज्यांना उठायला उशीर होतो, त्यांच्यासाठी फोडणीचा पाव करून झाकून ठेवू नये. तुकडे ताकात मुरत पडले तरी अर्ध्या तासाने बिघडत नाहीत. मंडळी हात धुऊन बसली, चहा गाळून झाला, की मग कढई चुलीवर चढवावी.