'वाइंड अप' म्हणजे नक्की काय?

कानात इअरफोन आहेत ना? मग ऐका, आज माझीच एक फजिती सांगतो.

नोकरीचं पहिलंच वर्ष. शुक्रवारची संध्याकाळ, लंडनच्या टीम लीडबरोबर कॉल चालू होता. मी घाबरत घाबरत सांगितलं, की कालचा बॅकअप झालेलाच नाही. त्याने विचारलं, "आर यू वाइंडिंग मी अप?"

मला त्यातलं फक्त 'वाइंडिंग अप' ऐकू आलं. आपल्याकडे वाइंड अप म्हणजे काम आवरणं. 'चला, वाइंड अप करू आणि निघू.' मला वाटलं, हा विचारतोय, आवरतोयस का? मी म्हटलं, "येस, येस!" तो खो खो हसला आणि कॉल बंद.

सोमवारी कळलं, तो विचारत होता, "माझी खेचतोयस का?" आणि मी चक्क हो म्हणालो होतो! बॅकअपकडे दोन दिवस कोणी बघितलंच नाही. नशीब, त्या दोन दिवसांत सर्व्हर पडला नाही.

तर आता नीट समजून घेऊ. यातला 'वाइंड' म्हणजे गुंडाळणं, पीळ देणं. वाऱ्याच्या 'विंड'चं स्पेलिंग तेच, उच्चार वेगळा.

पहिला अर्थ, आवरणं. मीटिंग वाइंड अप करतात, कंपनीसुद्धा करतात. आपल्या 2013च्या कंपनी कायद्यात 'वाइंडिंग अप' हाच शब्द आहे. मराठीत आपण गाशा गुंडाळतो, तसंच.

दुसरा, नको तिथे जाऊन पोचणं. निघालो मुळशीला, पण 'वी वाउंड अप इन लोणावळा'. भूतकाळात वाइंडचं 'वाउंड' होतं. जखमेचं स्पेलिंगही हेच, पण तिचा उच्चार 'वूंड'.

तिसरा, कोणाची तरी खेचणं किंवा मुद्दाम चिडवणं. हा खास ब्रिटिश. अमेरिकन माणूस त्यासाठी 'पुलिंग माय लेग' म्हणेल. आणि कोणी 'ऑल वाउंड अप' असेल, तर तो टेन्शनमध्ये आहे, पीळ दिलेल्या स्प्रिंगसारखा.

गंमत बघा, हे सगळं मराठीत आधीपासून आहे. घड्याळाला चावी देतो आणि माणसालाही 'कोणीतरी चावी दिलीय' म्हणतो. दुकान गुंडाळतो आणि 'मला गुंडाळू नकोस' असंही म्हणतो.

एक खूण लक्षात ठेवा. 'वाइंड' आणि 'अप'च्या मध्ये माणूस आला, मी, हिम, हर, तर बहुतेक वेळा चिडवण्याचंच बोलणं चाललंय. माझ्या वाक्यात तो 'मी' होता, मीच ऐकला नाही.

आणि खरं सांगू? त्या दिवशी शब्द कळला नाही, ही चूक नव्हतीच. न कळता 'येस' म्हटलं, ती चूक. "सॉरी, समजलं नाही" म्हणायला दोन सेकंद लागतात. मला तेवढीच लाज वाटली होती.

तुम्ही असं कधी 'येस, येस' म्हणून अडकलात का? व्हॉइस नोट पाठवा. चला, आता मी वाइंड अप करतो. पहिल्या अर्थाने!