धुके, पाऊस आणि दिव्याची भाषा



ठाणेकरांपुढे आगगाडीच्या गोष्टी सांगणे हे धाडसच होय. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी येथेच येऊन थांबली आणि पुढल्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून आपले प्राण आपण रुळांकाठच्या एका खुणेवर सोपवून बसलो आहोत. सिग्नल सांगतो, मोटरमनचा डोळा वाचतो. उजेडाने निरोप धाडण्याची ही रीत आपल्या नित्याच्या परिचयाची आहे. त्या डोळ्याच्या जागी कॅमेरा बसविला तर काय होईल, आणि आपली हवा त्याला कितपत साथ देईल, याचा विचार आज आम्ही करणार आहोत.

कल्पना नवी नाही. ग्रॅहॅम बेल याने १८८० साली सूर्यकिरणांवरून माणसाचा आवाज सुमारे २१३ मीटर दूर पोचविला होता. आज एलईडी दिवा इतक्या जलद लुकलुकविता येतो की डोळ्यास तो स्थिरच भासतो. परंतु मोबाइलचा कॅमेरा बहुधा सबंध चित्र एका क्षणी टिपीत नाही. वरून खाली एकेक ओळ टिपीत जातो. त्यामुळे त्याच दिव्याच्या आडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या चित्रात उमटतात. त्या पट्ट्या हीच दिव्याची लिपी! चौकातला दिवा मोटारीला, किंवा पुढल्या मोटारीचा तांबडा दिवा मागच्या मोटारीला, असा निरोप देऊ शकेल. २०१८ साली या पद्धतीस आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीतही स्थान मिळाले. मात्र दिवा दूर गेला की चित्रातील त्याचा ठिपका लहान होतो, पट्ट्या थोड्या उरतात आणि निरोपही तोकडा होतो. हे झाले स्वच्छ हवेत.

आता आपल्या हवेकडे वळू. डोंबिवलीच्या गच्चीवरून मलंगगड दिसतो की नाही, एवढे पाहिले तरी हवेची परीक्षा होते. थंडीत पहाटे बदलापूर-वांगणीकडे धुके दाटले की गाड्यांना उशीर होतो, हे कल्याणच्या फलाटावर तिष्ठणाऱ्यांस सांगावयास नको.

तांबडा रंग धुक्यातून दूर जातो, म्हणून धोक्याचा दिवा तांबडा, असे आपण शाळेत ऐकलेले असते. ते अर्धेच खरे आहे. धूर किंवा अगदी बारीक कण असतील, तर निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि तांबडा पुढे सरतो. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींहून कितीतरी मोठे. ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच अडवितात. १८० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले, म्हणजे तेवढ्या वाटेत सरळ येणारा उजेड सुमारे पन्नासाव्या हिश्शावर आला असे समजावे. दुप्पट अंतरावर त्याचा अडीच हजारावा हिस्सा उरतो! शिवाय विखुरलेल्या उजेडाचे वलय दिव्याभोवती पसरते, शेजारचे दिवे एकमेकांत मिसळतात आणि पट्ट्या पुसट होतात.

पावसाचे थेंब मोठे, पण विरळ. म्हणून साधारण पाऊस दाट धुक्याइतका उजेड अडवीत नाही. त्याचा खरा उपद्रव काचेवर होतो. भिंगापुढील काचेवर बसलेला थेंब स्वतःच एक भिंग बनतो आणि चित्र वाकडे करतो. श्रावणात हवेपेक्षा काच पुसण्याचीच चिंता अधिक! वैशाखात तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि दिव्याचा ठिपका जागचा हलतो. उन्हाच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्याचा एक गुण सांगितला पाहिजे: सूर्य आणि दिवा यांना तो चित्रात वेगवेगळ्या जागी पाहतो, त्यामुळे एकाची सरमिसळ दुसऱ्यात सहसा होत नाही.

मग उपाय काय? दिवा मोठा व तेजस्वी करावा, अंतर कमी ठेवावे, निरोप सावकाश आणि पुन्हा पुन्हा द्यावा. हे सारे योग्यच आहे. परंतु दाट धुक्यापुढे त्यालाही मर्यादा आहे. येथे रेल्वेचा अनुभव आम्हांस फार मोलाचा वाटतो. १८० मीटरवरची ठरलेली खूण दिसेनाशी झाली की धुके मानावयाचे, आणि सिग्नलच्या अलीकडे २७० मीटरवर रुळांवर फटाके बांधावयाचे, अशी तिची पद्धत. चाकाखाली आवाज झाला की चालक सावध होतो. धुक्याच्या प्रदेशांत आता उपग्रहाच्या साहाय्याने सिग्नल जवळ आल्याचे सांगणारे यंत्रही चालकाजवळ असते. म्हणजे डोळा हरला तरी कान जागा राहील, अशी तजवीज रेल्वेने केली.

उद्या आपल्या रस्त्यांवर कॅमेऱ्याने दिवे वाचणाऱ्या मोटारी धावतील, तेव्हा ही शिकवण विसरून चालणार नाही. धुक्यात दिवा चुकीचे सांगत नाही. तो नुसता गप्प होतो. त्या गप्प बसण्याचा अर्थ 'मार्ग मोकळा' असा ज्या यंत्राने घेतला, ते यंत्र माणसे मारील. न दिसल्यास थांबावे, आणि उजेडाच्या निरोपास आवाजाचा किंवा रेडिओचा सोबती द्यावा, एवढा नियम यंत्रे बनविणाऱ्यांकडून आपण नागरिकांनी मागून घेतला पाहिजे. आणि त्या यंत्रांची परीक्षा परदेशातील कोरड्या रस्त्यावर नव्हे, तर उल्हासकाठच्या धुक्यात आणि ठाण्याच्या आषाढात व्हावी, हेही मागावे.