गाणं आपलं, नोंद कोणाच्या नावावर?

(ग्रामसंघाच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज हप्त्याबद्दल नाही, गाण्याबद्दल बोलायचं आहे. शहाद्याकडे अहिराणी, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी, भिली. लग्नात, होळीत तुम्ही गाता आणि कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करतं. पुढे ते गाणं कुठे जातं, हे आपण विचारत नाही.

आता गाणी-सिनेमांचे हक्क नोंदवणारे 'ब्लॉकचेन'वरचे मंच निघाले आहेत. ब्लॉकचेन म्हणजे काय? गटाची वही दहाही जणींच्या घरी असली, तर एकीने केलेली खाडाखोड बाकीच्या नऊ जणी लगेच पकडतील. तशीच ही अनेक संगणकांवरची वही. 2022 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत जातीचे दाखले अशा वहीत नोंदवायचं काम हाती घेतलं होतं.

या मंचांना गाणारे, ऐकणारे आणि पैसे लावणारे असे तिघं लागतात. तुम्ही तिन्हीत येता.

गाणारीने लक्षात ठेवा: ही वही पान बदलू देत नाही, पण पहिली नोंद खरी की खोटी हे तिला कळत नाही. तुमचं गाणं दुसऱ्याने स्वतःच्या नावावर चढवलं, तर खोटंच पक्कं होतं. परंपरेचं गाणं सगळ्यांचं, पण तुमचं गायन तुमचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 38 कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क देतं. म्हणून सही-अंगठ्याआधी विचारा: किती वर्षांसाठी? माझा वाटा किती?

ऐकणारीने: तुम्ही बघता म्हणून जाहिराती येतात, पैसा येतो. तुमच्याशिवाय मंच चालत नाही. पण गाणं ऐकायला कोणी ओटीपी मागितला, तर द्यायचा नाही.

पैसे लावणारीने: 'टोकन घ्या, गाण्यात भागीदार व्हा' असं सांगतील. टोकनचा भाव चढतो तसा कोसळतोही. नफा झाला तर 30 टक्के कर, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कमाईतून वजाही करता येत नाही. गटाची बचत आपल्या बायांच्या अडीनडीची आहे. ती तिथे लावायची नाही.

पुढच्या बैठकीत एवढा ठराव घ्या. गाणं रेकॉर्ड झालं की कोण गायलं, कोणत्या तारखेला, कोणी रेकॉर्ड केलं आणि कशासाठी, हे वहीत लिहायचं, खाली सगळ्यांच्या सह्या. उद्या भांडायची वेळ आली, तर हातात पुरावा असेल.