वळणावरची कटकट

गाडी सरळ चालते तोवर गप्प असते. स्टीअरिंग पूर्ण वळवले, की पुढच्या चाकातून ‘कट-कट-कट’ सुरू होते. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना, यू-टर्न घेताना, पार्किंगमध्ये गाडी लावताना ती ऐकू येते आणि रस्त्याला लागले की थांबते. मग मालकही निर्धास्त होतो, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू म्हणतो. पावसाळा सरतो, दिवाळी येते आणि त्या कटकटीची खरखर झालेली असते. मेस्त्री गाडीखाली वाकतो आणि दोन शब्दांत निकाल देतो : “एक्सल गेला.”

श्रोत्यांपैकी ज्यांच्या दारात गाडी आहे, त्यांना आज एवढेच सांगायचे आहे, की एक्सल असा एका दिवसात जात नाही. आधी त्याच्यावरचा रबरी बूट फाटतो. तो फाटलेला असतो आणि त्याच्याकडे कुणी पाहिलेले नसते.

अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळे. पुढच्या चाकांनी फक्त वळायचे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्याच चाकांनी गाडी ओढायची व वळवायचीही, ही रचना आपल्याकडे घरोघर पोचली. चाक वळलेले असतानाही त्याला एकसारखी गती मिळावी, म्हणून चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या, म्हणजेच एक्सलच्या, टोकाला सीव्ही जॉइंट असतो. आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात त्याचा गोळ्यांचा प्रकार तयार केला. त्यात पोलादाच्या सहा गोळ्या आपापल्या खाचेत सरकतात आणि सांधा चाळीस अंशांहून अधिक वाकला तरी फिरत राहतो. आत काळे ग्रीस ठासून भरलेले असते, आणि ते जागच्या जागी धरून ठेवतो तो घड्याघड्यांचा बूट.

जात्यावर दळायला बसण्याआधी बाई धान्य सुपात पाखडते, खडे वेचते. एक खडा नजरेतून सुटला तरी घरभर भाकरी कचकचते. या सांध्याचा बूट म्हणजे ते पाखडणे. तो फाटला, की चाकाच्या वेगाने ग्रीस बाहेर भिरकावले जाते आणि चिखल, वाळू, कोकणातली लाल माती आत शिरते. मग गोळ्या आणि खाचा एकमेकींना दळू लागतात. जात्याला निदान टाकी लावून घेता येते. या खाचांना टाकी लावता येत नाही. एकदा झिजल्या त्या झिजल्या.

म्हणून आवाज सुरू झाल्यावर नवे ग्रीस भरून घेणाऱ्यांना थोडे रागावायलाच हवे. त्याने चार दिवस आवाज दबतो, झीज भरून येत नाही.

पारख सोपी आहे. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू गोल फिरवावी आणि मध्येच थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. चाकाच्या फेऱ्यांबरोबर कटकट वाढली, तर संशय सीव्ही जॉइंटवर. नंतर दुसऱ्या बाजूला वळवून तेच करावे.

पण चाकाकडून येणारा प्रत्येक आवाज सीव्ही जॉइंटचा नसतो. वेग वाढेल तशी घूं-घूं वाढत असेल आणि डावीकडे वळताना ती जास्त येत असेल, तर उजव्या चाकाचे बेअरिंग पाहावे, कारण त्या वेळी भार उजवीकडे जातो. ब्रेक दाबला की खरखर होत असेल, तर पॅड झिजून लोखंडावर लोखंड घासते आहे. अशी गाडी पुढे दामटू नये. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला, तर पुष्कळदा डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात खडा अडकलेला असतो. तो काढला, पत्रा सरळ केला, की काम संपले. उभ्या गाडीत नुसते स्टीअरिंग फिरवताना करकर आली, तर शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या माथ्यावरचे बेअरिंग पाहायला सांगावे.

पण सीव्ही जॉइंटची कटकट ऐकू येण्याआधी जे दिसते, त्याकडे पुन्हा वळू या. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, स्टीअरिंग पूर्ण वळवावे, इंजिन बंद करावे आणि मोबाइलचा टॉर्च चाकाच्या मागे मारावा. बुटाच्या घड्या बोटाने जरा दाबून उघडाव्यात. चीर बहुधा घडीच्या खोबणीत लपलेली असते. रिमच्या आतल्या बाजूला आणि जवळच्या भागांवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे ओळीने उडालेले दिसले, तर बूट फाटलाच म्हणून समजावे. याला पाच मिनिटे लागतात. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा हे पाहावे.

बूट फाटला आहे पण आवाज नाही, अशा वेळी पकडले तर सांधा धुऊन, सीव्ही जॉइंटसाठीचेच ग्रीस भरून, नवा बूट आणि नव्या क्लिपा लावून भागते. आवाज आल्यावर मात्र जॉइंट किंवा अख्खा शाफ्ट बदलावा लागतो. शाफ्ट काढला, तर बसवताना एक्सलचा नट नवाच घालायला सांगावा आणि तो टॉर्क रेंचने आवळून घ्यावा. गिअरबॉक्समधून ऑइल सांडले असेल, तर त्याची पातळीही पाहून घ्यावी. आणि जे हौशीने घरी काम करतात, त्यांनी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही डोके घालू नये. खाली स्टँड हवाच.

वेळ संपत आली आणि पॉवर स्टीअरिंगचा आवाज राहूनच गेला. ज्या गाड्यांत त्याचे ऑइल असते, त्यांत पातळी घटली तरी वळवताना घुरघुर येते. इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाड्यांत ते ऑइलच नसते. स्टीअरिंग रॅकच्या दोन्ही टोकांनाही असेच रबरी बूट असतात. त्यांच्याविषयी आज बोलता येत नाही, पण चाकामागे टॉर्च घेऊन वाकलेच आहात, तर तोही बूट तेवढा पाहून घ्यावा.